चौदाचा राहिला

भावेश, तो कप्पा उघडाच राहू दे. रिकामा आहे ना? मग त्याचं बटण लावू नकोस.

हसा खुशाल. संध्याकाळपासून तुम्ही तिघं गाडीच्या मागच्या भागात ती कापडी पॅनेलं टांगताय, ते बघायला मला मजाच येत होती. दोराला एक कप्पा, टॉर्चला एक, औषधांना एक, पाने-पकडी वेगळ्या. उद्या पहाटे दाभोशाच्या धबधब्याला निघायचं, तर सामान नीट लावलेलं बरं. पण आत्ता तू रिकाम्या कप्प्याचं टिचबटण लावलंस आणि तो आवाज झाला ना... माझा चहा बशीत सांडला.

वीज गेलीच आहे, तर बसा. सांगतो.

आधी एक सांगून ठेवतो. मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. तापलेली वस्तू किती वेळ तापलेली राहते, मग कशी निवत जाते, याची गणितं पोरांकडून घोटून घेतली. अशा माणसानं असल्या गोष्टी सांगू नयेत, हे मला कळतं. सांगताना माझा मलाच भरवसा वाटत नाही. ऐकताना माझं काही चुकलं असेल, किंवा ज्यानं सांगितलं त्याचं चुकलं असेल. पण सांगणारा देवराम. मोखाड्याचा. आपली जुनी गाडी तोच दुरुस्त करायचा. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, हे सगळ्या मोखाड्याला ठाऊक आहे. हे सांगताना झाले नव्हते. मी नीट बघत होतो.

देवरामकडे बंद बॉडीचा एक जुना छोटा ट्रक होता. जव्हारपासून मोखाडा, पुढे खोडाळा, तिथून वर सूर्यमाळ, या पट्ट्यात कुठेही गाडी बंद पडली की लोक त्याला फोन लावायचे. त्याचा जोडीदार होता जिवा. सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा आहे, तिथला. तरुणपणी जिवा भिवंडीला बॅगा शिवायच्या कारखान्यात होता, आणि परत येताना जाड सुईचं मशीन घेऊन आला होता. देवरामच्या ट्रकमध्ये त्यानं पहिल्यांदा डोकावून पाहिलं, तेव्हा सगळं सामान एका पिंपात कोंबलेलं होतं. पाने, हातोडे, टॉमी, दोरखंड, ट्यूबचे तुकडे.

"देवराम, ही गाडी हाय का भंगारवाल्याची गोण?"

"मला सापडतं सगळं."

"सापडतं रे. पन कोंबडा आरवल्यावर."

मग जिवा शिवायला बसला. जाड ताडपत्री दुहेरी करून घेतली, कडांना जुन्या सीटबेल्टची पट्टी लावली. ट्रकच्या आतल्या दोन्ही भिंतींना त्यानं वरपासून खालपर्यंत पॅनेलं टांगली, आणि पॅनेलांवर कप्पेच कप्पे. ज्या त्या वस्तूच्या मापाचा कप्पा. पान्यांच्या कप्प्यांवर दोऱ्यानं आकडे भरले, असे उठावदार, की अंधारात नुसतं बोट फिरवलं तरी कळावं, हा बाराचा, हा चौदाचा. दारापाशी, सगळ्यात खाली, दोन मोठे कप्पे. त्यांत ऐनाच्या लाकडाचे दोन ठोकळे. चढावर गाडी उभी असली की मागच्या चाकांना लावायचे ते. बाकीच्या कप्प्यांना साधी टिचबटणं होती, 'टिच' वाजणारी. ठोकळ्यांच्या कप्प्यांना मोठी पितळी बटणं. त्यांचा आवाज जड. 'टच्च'.

आणि जिवानं एक रीत घालून दिली. वस्तू आत, तर बटण बंद. वस्तू बाहेर, तर कप्पा उघडा. रिकाम्या कप्प्याचं बटण लावायचं नाही, पाठीमागे वाघ लागला तरी नाही. काम संपलं की जिवा भिंतीवरून हात फिरवायचा. एक जरी कप्पा उघडा लागला, तर गाडी हलवू द्यायचा नाही. "बंद कप्पा म्हंजे आपला शब्द," असं म्हणायचा.

काही वर्षांनी जिवाचा धाकटा भाऊ मंगेश त्यांच्यात आला. हाताला चलाख, बोलायला गोड. देवरामला तो 'दादा' म्हणायचा. जिवाची बायको नवशी देवरामला 'भाऊ' म्हणायची. पाड्याकडे काम निघालं की देवरामचं जेवण तिच्याकडे ठरलेलं. नाचणीची भाकर, सुकट, वर दोन शिव्या. "भाऊ, हात काळे ठेवूनच जेवतोस का रं? मीठ कमी लागलं तर बोटं चाट."

असं चाललं होतं.

मग एका मे महिन्यात, सूर्यमाळच्या चढावर, पाण्याचा टँकर अडला. उन्हाळ्यात वरच्या पाड्यांच्या विहिरी आटतात, टँकर येतो आणि विहिरीत पाणी सोडतो, हे तुम्हाला माहीत आहे. टँकरच्या ब्रेकची हवा गळत होती. रात्रीचं काम. देवरामनं ठोकळे काढले, मागच्या चाकांना लावले. निदान त्याला तसं आठवत होतं. टँकर गिअरमध्ये उभा. जिवा खाली शिरला, काम केलं, बाहेर आला. आता एकच राहिलं होतं. इंजिन चालू करून हवा भरायची. त्यासाठी गाडी न्यूट्रलला आणावी लागते. नीट ऐका. ब्रेकला हवा नाही, गाडी गिअरमध्ये नाही. तेवढा वेळ टँकरला धरून ठेवतात ते फक्त ठोकळे.

जिवानं सवयीप्रमाणे भिंतीवरून हात फिरवला. एक कप्पा उघडा लागला.

"चौदाचा राहिला," तो म्हणाला, आणि पाना आणायला परत टँकरखाली शिरला.

त्याच वेळी ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला घेतली.

पुढचं सांगत नाही.

आरडाओरडा, धावाधाव झाली. मग कुणीतरी विचारलं, ठोकळे कुठायत? चाकांपाशी नव्हते. देवराम म्हणाला, मी लावले होते. ट्रक उघडून बघितला. दोन्ही ठोकळे आपापल्या कप्प्यात. बटणं बंद. म्हणजे काढलेच नव्हते. देवरामनं मंगेशला विचारलं, "तू उचललेस का रे?" मंगेश रडत होता. म्हणाला, "दादा, मी तर तिकडं कॅनपाशी हात धूत होतो. मी हात पन लावला नाय."

आणि जिवाचाच नियम. बंद कप्पा खोटं बोलत नाही.

देवरामला ठोकळ्यांचं वजन हाताला आठवत होतं. पण असे ठोकळे त्यानं शेकडो रात्री लावले होते. त्यातल्या दुसऱ्याच एखाद्या रात्रीची ती आठवण असेल. असं होतं बरं. मलाही कुलूप लावल्याचं स्पष्ट आठवतं आणि परत येऊन बघावं तर दार सताड उघडं. स्वतःच्या आठवणीवर एकदा शंका आली की ती शंका मनात ठाण मांडते. देवरामनं हळूहळू मान्य केलं. आपणच विसरलो. आपणच जिवाला मारला.

जिवाच्या दिवसकार्याला सगळा पाडा जमला होता. देवराम कोपऱ्यात बसला होता, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तेव्हा मंगेश उठला. सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादाची चूक झाली. पन मुद्दाम नाय केली. भाऊ माझा गेला, मीच माफ करतो. आता कोनी काय बोलू नका." देवराम वयानं मोठा, पण तो उठून मंगेशच्या पाया पडला. पुढे त्यानं निम्मा ट्रकही मंगेशच्या नावावर केला. घरात गोडधोड झालं की पहिलं ताट मंगेशला जायचं.

नवशीनं मात्र माफ केलं नाही. बोलणं टाकलं. देवराम वाटेत दिसला की ती डोक्यावरच्या हंड्यासकट पाठ फिरवून उभी राहायची, तो जाईपर्यंत.

चौदाचा पाना सापडलाच नाही. टँकरखाली नाही, गवतात नाही, जिवाच्या हातात नाही. देवरामनं नवा आणला, पण जिवाच्या त्या कप्प्यात ठेवायला त्याचा हात धजेना. नवा पाना तो खिशात ठेवायचा. भिंतीवरचा चौदाचा कप्पा उघडाच राहिला. रीतच तशी होती.

आणि तेव्हापासून प्रत्येक कामाला, देवराम ठोकळे लावून आला की मंगेश मायेनं विचारायचा, "लावलेस ना दादा? नक्की?" देवराम खाली मान घालून परत जायचा. दोन्ही ठोकळ्यांना हात लावून यायचा.

वर्ष उलटलं.

ती रात्र वैशाख वद्य चतुर्दशीची. दुसऱ्या दिवशी अमावास्या. मोखाड्यात देवरामचं जेवण आटोपलं होतं, साडेनऊ झाले होते. टँकरवाल्या उमेशचा फोन आला. सूर्यमाळच्या चढावर अडलोय, ब्रेकची हवा धरत नाही, वर पाड्यावर बायका विहिरीपाशी हंडे मांडून बसल्यात. पाडा कुठला, तर जिवाचाच.

मंगेश म्हणाला, "सकाळी जाऊ, दादा. उद्या अवस."

"विहिरीला अवस कळत नाय. बायका रातभर बसतील."

"त्यात वहिनी पन आसंल."

"असू दे. तिनं पाठ फिरवली तरी पानी तर भरंल."

निघाले. खोडाळा मागे पडेपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मंगेश मोबाइलवर गाणी लावून बसला होता. पुढे जंगल लागलं, रेंज गेली, गाणं बंद पडलं.

मागे वाजलं. टच्च.

"काय रे ते?"

"खड्डा," मंगेश म्हणाला. "कमूवहिनीनं आज उपाशी धाडलं वाटतं तुला. पोटातनं आवाज यायला लागलं."

कमू म्हणजे देवरामची बायको. देवराम हसला. पण त्यानं गाडी थांबवली. मागचं दार उघडून टॉर्च मारला. ठोकळ्याचा एक कप्पा उघडा होता. ठोकळा आत होता. वस्तू आत आणि कप्पा उघडा. देवरामला ते बरं वाटलं नाही. त्यानं बटण लावलं. ते बटण इतकं घट्ट होतं की उघडताना दोन्ही अंगठे लावावे लागायचे.

पुढे एक वळण गेलं. दुसरं गेलं.

टच्च... टच्च.

या वेळी मंगेश हसला नाही. देवराम उतरला. दोन्ही कप्पे उघडे. दोन्ही ठोकळे आत. बाकी सगळी भिंत जशीच्या तशी, बंद. फक्त ते दोन. आणि वर, चौदाचा.

"बटनं ढिली झाल्यात," मंगेश खाली न उतरताच म्हणाला. "तोडून टाक ती. उद्या दोऱ्या बांधू."

"जिवानं लावलेली हायेत."

"म्हनूनच सांगतो, तोडून टाक."

देवरामनं दोन्ही बटणं परत लावली आणि वळून त्याच्याकडे बघितलं. मंगेशनं खिडकीची काच वर घेतली. मे महिना. आत उकडत होतं.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा देवरामनं मागे वळूनही बघितलं नाही. गाडीही थांबवली नाही.

टँकर दिसला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. उमेश दगडावर बसून बिडी ओढत होता. "आलात का वऱ्हाड घेऊन? वर बायका माझ्या नावानं शंख करतायत. आज पानी नाय पोचलं तर मलाच विहिरीत सोडतील."

माणसाचा आवाज ऐकून देवरामला बरं वाटलं. ट्रक त्यानं खालच्या अंगाला, थोडा बाजूला लावला. मागचं दार उघडलं. ठोकळे काढले. मागच्या दोन्ही चाकांना लावले, हातोड्यानं ठोकून बसवले. येऊन टॉर्च तोंडात धरून पाने काढू लागला.

"लावलेस ना दादा?" मंगेशनं विचारलं. "नक्की?"

आवाज मायेचा नव्हता. आवाज कापत होता.

देवराम परत गेला. दोन्ही ठोकळ्यांना हात लावून आला. मग खाली शिरला.

काम फार नव्हतं. एक जोड ढिला झाला होता. खाली पडून आवळताना त्याला बाहेर मंगेशचे पाय दिसत होते. ट्रकच्या दारापाशी जायचे, मागे फिरायचे. परत दारापाशी. परत मागे.

काम झालं. देवराम बाहेर आला, उमेशला म्हणाला, "चढ वर. मी सांगतो मग चालू कर." उमेश केबिनमध्ये जाऊन बसला. देवराम ट्रककडे वळला. पक्कड कप्प्यात. टिच. हातोडा कप्प्यात. टिच. मग खिशावर हात मारला. नवा पाना खिशात नव्हता.

"चौदाचा राहिला," तो म्हणाला.

म्हणाला, आणि उभ्या जागी गार पडला. शब्द त्याच्याच तोंडून आले होते. पण ते त्याचे नव्हते.

वारा नव्हता. रातकिडेही गप्प होते. मंगेश कुठे दिसत नव्हता.

देवराम टँकरच्या पलीकडच्या अंगानं गेला, पुढच्या बाजूनं. गुडघा टेकला. एक हात टायरवर ठेवला. टॉर्चच्या उजेडात पाना दिसत होता. आत, मागच्या चाकाच्या लगेच मागे, धुळीत. सरपटत जायचं आणि उचलायचा. त्यानं डोकं आत घातलं.

मागे ट्रकमध्ये वाजलं.

टच्च.

टच्च.

देवराम थांबला. हा आवाज उघडण्याचा नव्हता. बटण उघडताना आवाज कोरडा येतो, लावताना भरीव. जिवाच्या भिंतीपाशी वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कुणीतरी ठोकळ्यांचे कप्पे लावले होते.

आणि मग त्याला आठवलं.

हा आवाज त्यानं ऐकला होता. त्याच रात्री. जिवा 'चौदाचा राहिला' म्हणून खाली वाकला, त्याच्या थोडं आधी. टच्च, टच्च. ऐकला होता. पण तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. काम संपलं की कप्पे बंद होतातच. नंतर सगळे त्याला सांगत राहिले, तू ठोकळे काढलेच नाहीस... आणि तो आवाज त्याच्या डोक्यातून पुसला गेला.

त्यानं टॉर्च चाकाकडे फिरवला. ठोकळा नव्हता. दुसऱ्या चाकाकडे. नव्हता.

त्यानं डोकं बाहेर ओढलं, अंग मागे टाकलं.

वर केबिनमध्ये उमेशनं, देवरामच्या सांगण्याची वाट न बघताच, गाडी न्यूट्रलला घेतली.

टँकर हलला. हळूच. झोपेतल्या जनावरानं कूस बदलावी तसा. मागचं चाक मागे सरकलं... पाना होता त्या जागेवरून गेलं. करकरलं. उमेशनं ओरडून गाडी परत गिअरमध्ये घातली. टँकर गचका देऊन थांबला. आतलं पाणी कितीतरी वेळ पुढेमागे आदळत राहिलं.

देवराम उठला. टँकरला वळसा घालून आला. टॉर्च ट्रकच्या दारावर मारला.

मंगेश तिथे उभा होता. एक हात अजून बटणावर.

"तू काढलेस?"

मंगेशनं हात झटकन मागे घेतला.

"मंगेश. ठोकळे तू काढलेस?"

"ते कप्पे..." मंगेशला धाप लागली होती. "ते दोन कप्पे, दादा. उघडे होते. बघत होते माझ्याकडं. मना बघवेना. मना ते बंद करायचे होते."

"मी खाली होतो."

"मना वाटलं तू बाहेर आलास. काम झालं. त्या टायमाला पन मना..."

तो थांबला.

उमेश खाली उतरला होता. तोही थांबला.

"त्या टायमाला पन काय?" देवराम म्हणाला.

मंगेशनं एक पाऊल मागे टाकलं.

"बोल."

"मना वाटलं काम झालं," मंगेश म्हणाला. आवाज इतका बारीक की ऐकू येईना. "जिवादादा बाहेर आला होता. मी उचलले. ठेवले. बटन लावलं. तो परत आत गेला... मना नाय दिसला."

देवरामला राग आला नाही. त्यानंच मला सांगितलं. राग यायला आत काही उरलेलं असावं लागतं. वर्षभर तो रात्री उठून बसत आला होता. आपल्या हातांकडे बघत. वर्षभर ज्याच्या मायेवर जगला, तो हा. ज्याच्या पाया पडला, तो हा. ज्याला पहिलं ताट वाढलं...

"तू मला माफ केलंस," तो म्हणाला. "सगळ्या पाड्यासमोर. खांद्यावर हात ठेवून."

"मी घाबरलो होतो, दादा. भाऊ माझा होता."

"आन मी कोन होतो?"

मंगेश खाली बसला.

"रोज विचारायचास. लावलेस ना दादा, नक्की. रोज."

"वहिनीला सांगू नको," मंगेश म्हणाला. "पाया पडतो. वहिनीला सांगू नको."

उमेशनं बिडी पेटवायला काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली नाही.

देवरामनं ठोकळे काढले. पुन्हा चाकांना लावले. उमेशकडून हवा भरून घेतली. टँकर पुढे झाला तेव्हा चाकाखालून उमेशनं पाना उचलला. पार वाकला होता. "घ्या," म्हणाला, "हा काय आता कामाचा नाय." देवरामनं तो हातातच ठेवला. मग ठोकळे आत टाकले, कप्पे बंद केले, दार लावलं. मंगेशला म्हणाला, "चल पाड्यावर." मंगेश नाही म्हणाला. रस्ता सोडून तो खालच्या अंधारात उतरला. पावलं वाजली. मग नाही वाजली. पुढे कुणी म्हणतं भिवंडीला आहे, कुणी म्हणतं सुरतेला. पाड्यावर तो परत आला नाही.

टँकर पुढे, ट्रक मागे. विहिरीपर्यंत वाट खडबडीत, पण मागे एकही आवाज झाला नाही. देवराम कान देऊन होता.

विहिरीपाशी बायका उठल्या, हंडे वाजले. उमेशनं पाइप सोडला, पाणी धो धो विहिरीत पडू लागलं. नवशी सगळ्यांच्या मागे होती. ट्रक बघून तिनं पाठ फिरवली.

देवराम तिच्या पाठीशीच बोलला. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. उमेश बाजूला येऊन म्हणाला, "नवशे, मी होतो तिथं. ऐकलं मी." बाकीच्या बायकांनी हंडे खाली ठेवले.

नवशीनंही ठेवला. मग वळली. रडली नाही. ट्रककडे बोट करून तिनं नुसती हनुवटी वर केली. दाखव.

देवरामनं दार उघडलं. टॉर्च भिंतीवर मारला. जिवानं शिवलेली भिंत. एकेक कप्पा. बंद... बंद... बंद. ठोकळ्यांचे दोन्ही बंद.

टॉर्च वर गेला आणि थांबला.

चौदाचा कप्पाही बंद होता.

वर्षभर उघडा असलेला कप्पा. मंगेशचा हात तिथवर गेला नव्हता. देवरामनं त्याला कधी हात लावला नव्हता. आणि ताडपत्री खाली ओढली गेली होती, आत वजन असल्यासारखी.

देवरामनं आपल्या दुसऱ्या हातात बघितलं. वाकलेला पाना तिथंच होता.

विहिरीत पाणी पडत होतं. तिथं वर, मे महिन्यातही मध्यरात्रीनंतर गारठा पडतो. ट्रकचा पत्रा गार होता. देवरामच्या हातातलं लोखंडही कधीचं गार पडलं होतं.

नवशी पुढे झाली. फळीवर पाय ठेवून आत चढली. दोऱ्यानं भरलेल्या आकड्यावरून तिनं बोट फिरवलं, आंधळ्यासारखं. मग सगळा पंजा कप्प्यावर ठेवला. ठेवला, आणि काढला नाही. बटणही उघडलं नाही. तिनंच नाही, पुढे कुणीच नाही.

वर्षभरात पहिल्यांदाच तिनं देवरामकडे बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली. "गरम हाय."